पिकर, बुश आणि अम्मीचा गुडघा

आपल्याकडे ‘प्लास्टिक’ हा शब्द कौतुकाने कुणी वापरत नाही. खेळणे लवकर मोडले की प्लास्टिकचे होते, नळाची तोटी गळायला लागली की प्लास्टिकची बसवली होती, आणि एखाद्याचे हसू खोटे वाटले की तेही प्लास्टिकचेच. नायलॉन म्हटले की नागपूरकराला तिळसंक्रांतीचा मांजा आठवतो, कापलेले गळे आणि लटकलेले पक्षी आठवतात. त्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत त्याच्या बातम्या येतातच. एकूण काय, प्लास्टिक म्हणजे स्वस्त, कामचलाऊ आणि त्रासदायक वस्तू, असा आपला पक्का समज आहे.

मी भाषेची शिक्षिका आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी आणि उर्दू शिकवते. यंत्रांशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत मी प्लास्टिकविषयी बरेच वाचले, ऐकले आणि वहीत उतरवले. त्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. दहावीनंतर त्याने आयटीआय केले आणि आता तो हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो. ज्यांना सीएनसी म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेथ किंवा मिलिंग मशीनचे हत्यार कसे, किती आणि कोणत्या वेगाने फिरायचे हे आकड्यांत लिहून दिले जाते आणि मशीन त्या आकड्यांबरहुकूम कापत जाते. हात चुकू शकतो, मशीन सहसा चुकत नाही. पण मशीनला फक्त आकार समजतो. ज्या वस्तूतून तो आकार कोरायचा आहे ती वस्तू कोणती असावी, हे माणसालाच ठरवावे लागते.

या निवडीवर माझ्या विद्यार्थ्याची मजुरी कापली गेली होती.

झाले असे. खाण्याचे पदार्थ पाकिटात भरणाऱ्या एका कारखान्याला त्यांच्या मशीनसाठी बुश हवे होते. बुश म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती बसणारी नळीसारखी कडी. ड्रॉइंगवर माप होते आणि मटेरियलच्या जागी फक्त ‘पांढरे प्लास्टिक’ असे लिहिले होते. वर्कशॉपमध्ये नायलॉनचा रॉड पडलेला होता, तोच लावला. मे महिना होता. माप तपासले, बरोबर आले, माल गेला. जुलैत कारखान्यातून तक्रार आली की दांडे अडकत आहेत, बुशचे भोक लहान झाले आहे. मालकाने निष्कर्ष काढला की पोराने माप चुकवले. पैसे कापले.

मुलगा हुशार होता. त्याने मेमध्येच चार नग जादा काढून कपाटात ठेवले होते. ते मोजले तर माप जवळपास तसेच. कारखान्यातून परत आलेले मोजले तर भोक खरेच लहान. एकाच रॉडचे, एकाच प्रोग्रॅमवर एकाच दिवशी काढलेले नग, आणि दोन मापे. रॉड विकणाऱ्या दुकानातून त्याने चार पानांचा इंग्रजी कागद मिळवला होता. तो घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘आपा, सफेद तो सब एकच दिखता है. इसमें क्या लिखा है, वो बताओ.’

कागदावर तीसेक ओळी होत्या. डावीकडे गुणधर्माचे नाव, उजवीकडे आकडा. शब्दकोश घेऊन आम्ही बसलो. सहाव्या-सातव्या ओळीला उत्तर सापडले. नायलॉन पाणी पिते.

हे मला अगदी नवे होते. मातीचे मडके पाणी पिते, पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत अडकते, हे आपण पाहतो. पण प्लास्टिक म्हणजे पाण्याला दाद न देणारी वस्तू, असेच आपण धरून चालतो. नायलॉन 6 हा प्रकार पाण्यात पुरता मुरला तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी शोषतो. नुसत्या दमट हवेतही दोन-तीन टक्के शोषतोच. पाणी आत शिरले की वस्तू फुगते. तीन टक्के पाणी शोषलेला 100 मिलिमीटरचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढू शकतो, आणि ज्या कामात केसाच्या जाडीइतका फरकही चालत नाही तिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे फार झाले. त्यात बुश लोखंडी घरात ठोकून बसवलेला असतो. बाहेरच्या बाजूला फुगायला त्याला जागा नाही, मग तो आतल्या बाजूला फुगतो. भोक लहान होते, दांडा अडकतो.

आता आपले नागपूर आठवा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, हवा अशी कोरडी की धुतलेला दुपट्टा दहा मिनिटांत वाळतो. जुलैत तोच दुपट्टा दोन दिवस ओलसर राहतो. मेमध्ये कोरड्या रॉडवर बरोबर कापलेले माप जुलैत टिकणार कसे? त्यात त्या कारखान्यात मशीन रोज संध्याकाळी पाण्याने धुतली जात होती. मुलाने माप चुकवले नव्हते. मटेरियल निवडताना ‘हा नग पाण्यात राहणार आहे का’ हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

नायलॉन वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. 1935 मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले, तेव्हापासून त्याने दोरीपासून गियरपर्यंत किती कामे केली याला गणती नाही. ते चिवट आहे, धक्का सहन करते, घासले तरी लवकर झिजत नाही, लोखंडी गियरसारखा खडखडाट करत नाही. गंमत म्हणजे जे पाणी त्याचे माप बिघडवते तेच पाणी त्याला चिवट ठेवते. अगदी कोरडे पडलेले नायलॉन ठिसूळपणाकडे झुकते. म्हणून काही जुने कारागीर नायलॉनचे नग मशीनवर चढवण्यापूर्वी पाण्यात उकळून घेतात. म्हणजे गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले. माणसांचेही असेच असते, पण तो विषय वेगळा.

त्या बुशसाठी मग अॅसिटल निवडले. त्यालाच बाजारात डेलरिन म्हणतात, हे ड्युपाँटने दिलेले नाव, पण आता सगळ्यांच्याच तोंडी बसलेले. तेही पांढरेच. पाणी मात्र ते फारच कमी पिते, पूर्ण मुरले तरी साधारण एक टक्क्याच्या आत. मशीनवर स्वच्छ कापले जाते, कापलेले माप धरून ठेवते. पण त्यालाही एक पथ्य आहे. ब्लीचिंगसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये आणि तीव्र आम्ल त्याला सोसत नाही. म्हणून मुलाने कारखान्यात फोन करून विचारले, ‘मशीन धुता कशाने?’ साबण आणि गरम पाणी, असे उत्तर आले, तेव्हा कुठे रॉड कापायला घेतला. कापलेले पैसे त्याला परत मिळाले नाहीत. पण त्यानंतर नवे ड्रॉइंग आले की मालक आधी त्याला हाक मारतो.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त विचार करायला लावले ते शब्दांनी. आपण एखाद्या वस्तूविषयी बोलताना ‘मजबूत’ या एकाच शब्दावर सगळे काम भागवतो. मुलांच्या निबंधातही तेच. लोखंड मजबूत, लाकूड मजबूत, प्लास्टिक कमजोर. त्या इंग्रजी कागदावर मात्र ‘मजबूत’च्या जागी चार-पाच वेगवेगळ्या ओळी होत्या. त्यांना मराठी शब्द शोधू लागले तेव्हा लक्षात आले की आपल्याकडे ते आधीपासूनच आहेत, स्वयंपाकघरात आणि शेतात रोज वापरले जातात. टणक म्हणजे ज्यावर ओरखडा उठत नाही. ताठ म्हणजे जे भाराने वाकत नाही. चिवट म्हणजे जे आपटले, ओढले तरी तुटत नाही. ठिसूळ म्हणजे जे सूचना न देता मोडते. लवचीक म्हणजे जे वाकून परत पूर्ववत होते. काच टणक आहे पण ठिसूळ. जुनी ज्वारीची भाकरी चिवट होते, पण ती टणक नव्हे. अॅक्रिलिक काचेसारखे पारदर्शक आणि ताठ, पण धक्क्याला तडकते. पॉलिकार्बोनेटही पारदर्शक, त्याच्यावर ओरखडे लवकर उठतात, पण हातोडा मारला तरी सहसा फुटत नाही. एक दिसायला छान राहते, दुसरे जीव वाचवते. कोणते हवे हे कामावर ठरते.

एका गुणाला मात्र मराठीत नेमका शब्द सापडेना. काही वस्तूंवर कायमचा भार ठेवला की त्या मोडत नाहीत, पण हळूहळू, महिनोन्‌महिने दबत, पसरत जातात. पुस्तकांच्या ओझ्याने फळी मधे झोळ खाते तसे. मी वहीत ‘रेंगाळत दबणे’ असे लिहिले. मुलाने त्याच्यापुढे उर्दूत स्वतःचा शब्द लिहिला, ‘थकान’. मला त्याचा शब्द जास्त आवडला. टेफ्लॉनमध्ये ही थकान फार. 1938 च्या एप्रिलमध्ये रॉय प्लंकेट यांना ते अपघाताने सापडले. आपल्या तव्यावर बसलेले टेफ्लॉन हेच. त्याच्याइतकी गुळगुळीत वस्तू मिळणे कठीण, 250 अंशांपर्यंतची उष्णता ते सहज सोसते, बहुतेक रसायनांना ते जुमानत नाही. पण बोल्टखाली दाबून ठेवले की पसरते आणि घासले की झिजते.

ही गोष्ट एका मोठ्या डॉक्टरांना फार महागात पडली होती. त्यांचे नाव जॉन चार्नली. इंग्लंडच्या लँकेशायर भागात राइटिंग्टन येथील रुग्णालयात ते खुब्याच्या सांध्यावर काम करत. संधिवाताने झिजलेला खुबा काढून त्याजागी कृत्रिम सांधा बसवायचा, हे त्यांचे ध्येय. सांधा म्हणजे घासणे आलेच, मग जगातली सर्वात गुळगुळीत वस्तू घ्यावी, असा त्यांनी विचार केला आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. सुरुवातीला निकाल सुंदर आले. वर्षानुवर्षे खुरडणारी माणसे चालू लागली. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या मांसात सूज आणली आणि शेकडो रुग्णांपुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेचे संकट उभे राहिले. शरीर हे कण कितपत सहन करते हे पाहण्यासाठी चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते, इतका हा माणूस आपल्या कामाशी प्रामाणिक.

1962 च्या मे महिन्यात त्या रुग्णालयात एक विक्रेता आला. त्याच्याकडे जर्मनीत तयार झालेले एक नवे प्लास्टिक होते. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमध्ये यंत्रमागाच्या भागांसाठी ते वापरले जात होते. चार्नलींना पहिल्यांदा त्यात काही विशेष वाटले नाही. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर लावून ठेवला. दिवस गेले, आठवडे गेले, टेफ्लॉन ज्या वेगाने झिजत होते त्या मानाने या तुकड्याची झीज नगण्य होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्नलींनी त्या प्लास्टिकची पहिली वाटी माणसाच्या खुब्यात बसवली. पुढे जगभर खुबे आणि गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया ज्या पायावर उभ्या राहिल्या, तो हाच.

ते प्लास्टिक म्हणजे पॉलिथीन. दुधाची पिशवी ज्याची असते त्याच घराण्यातले. फरक आहे तो साखळीच्या लांबीचा. या प्रकाराचे लांबलचक इंग्रजी नाव बाजूला ठेवू, वर्कशॉपमध्ये त्याला यूएचएम म्हणतात. साध्या पॉलिथीनच्या मानाने त्याचे रेणू कित्येक पट लांब असतात, रेणूभार तीस ते साठ लाखांच्या घरात जातो. विदर्भात कापूस पिकवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आखूड धाग्याच्या कापसाचे सूत तुटते, लांब धाग्याच्या कापसाचे सूत टिकते. कापूस तोच, तंतूची लांबी वेगळी. रेणू इतके लांब आणि एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे हे प्लास्टिक तापवले तरी पाण्यासारखे वाहत नाही, त्यामुळे बादली-मग्ग्यासारखे साच्यात ओतून त्याच्या वस्तू करता येत नाहीत. दाबून त्याचे जाड तक्ते किंवा रॉड करायचे आणि मग हवा तो आकार मशीनवर कोरून काढायचा, हीच त्याची मुख्य वाट. म्हणजे पुन्हा सीएनसीवाल्याच्या हाती.

माझे अब्बा विणकर होते. मोमिनपुऱ्यात वाढलेल्या माझ्या पिढीला मागाचा खटखट आवाज म्हणजे अंगाईसारखाच. यंत्रमागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. त्या धोट्याला प्रत्येक वेळी ठोसा मारणारा जो लहानसा ठोकळा असतो त्याला पिकर म्हणतात. दिवसभर मार देणे आणि मार खाणे एवढेच त्याचे काम. अब्बांच्या तरुणपणी पिकर म्हशीच्या कच्च्या चामड्याचे असत. चामड्याचे थर एकावर एक दाबून ते बनवत आणि वापरण्याआधी तेलात मुरवून ठेवत, म्हणजे ते तडकत नसत. पुढे पांढरे प्लास्टिकचे पिकर आले. अब्बा पहिल्यांदा नाराज होते. ‘चमड़े की बात और है,’ म्हणायचे. पण चामड्याचा पिकर उलगडून जायचा त्या काळात प्लास्टिकचा टिकून राहायचा, तेव्हा ते गप्प झाले. ते पांढरे प्लास्टिक म्हणजे हेच यूएचएम. लँकेशायरच्या मागावरून डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचले ते हेच.

आणि तीन वर्षांपूर्वी अम्मीचे दोन्ही गुडघे बदलले. अम्मी लोकांना सांगते, ‘मेरे घुटने लोहे के हैं.’ प्रत्यक्षात मांडीच्या हाडावर धातूची टोपी आहे, नडगीवर धातूची बैठक आहे आणि दोघांच्या मध्ये साधारण एक सेंटिमीटर जाडीचा पांढरा तुकडा आहे. प्रत्येक पावलाला धातू त्या तुकड्यावर सरकतो. अम्मी चालते ती त्या तुकड्यावर. अर्थात शरीरात बसणाऱ्या मालाची शुद्धता, त्याची प्रक्रिया, त्याच्या तपासण्या पिकरच्या मालाहून अगदी वेगळ्या आणि कडक असतात, दोघांची सरमिसळ करता येत नाही. पण घराणे एकच. अब्बांच्या मागावर जे मार खात होते त्याचाच भाऊबंद अम्मीच्या पायात मुकाट्याने भार सोसतो आहे. नमाजला ती आता खुर्चीवर बसते, जमिनीवर गुडघे दुमडायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. पण जिना चढते, बाजारात जाते, आणि कुणी ‘प्लास्टिक आहे, काय टिकणार’ म्हणाले की मी आता लगेच मान डोलावत नाही.

हे सगळे सांगण्यामागे माझा मुद्दा साधा आहे. सर्वात चांगले मटेरियल अशी वस्तू जगात नसते. चार्नलींनी सर्वात गुळगुळीत वस्तू निवडली आणि फसले. वर्कशॉपमध्ये ‘भारी लावा’ म्हणणारेही असेच फसतात. पीक नावाचे एक प्लास्टिक आहे, 250 अंशांच्या उष्णतेत वर्षानुवर्षे काम करते, अतिशय ताठ आणि चिवट. पण नायलॉनचा रॉड किलोला काही शे रुपयांत मिळतो तिथे पीकसाठी हजारो मोजावे लागतात. थंड जागी सावकाश फिरणाऱ्या बुशला पीक लावणे म्हणजे चटणी वाटायला चांदीचा पाटा आणण्यासारखे.

म्हणून आम्ही वहीत मटेरियलच्या नावांआधी प्रश्न लिहिले. नग पाण्यात किंवा वाफेत राहणार का? किती तापणार? भार कायमचा आहे की येऊन-जाऊन? घासणार असेल तर कशाशी? तेल, आम्ल, ब्लीचिंग लागणार का? खाण्याच्या पदार्थाला शिवणार का? माप किती काटेकोर हवे? आणि शेवटी, परवडते किती आणि बाजारात मिळते काय? या प्रश्नांची उत्तरे आली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

तापण्याचाच प्रश्न घ्या. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे 15 अंश आणि मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली 45 अंश हे काही नवल नाही. या तीस अंशांत 100 मिलिमीटरचा लोखंडी तुकडा चार शतांश मिलिमीटरही वाढत नाही. नायलॉनचा तेवढाच तुकडा पाव मिलिमीटर वाढतो. कापताना हत्याराच्या घर्षणाने प्लास्टिक तापते आणि धातूसारखी ती उष्णता झटकन बाहेर टाकत नाही. म्हणून कापल्या-कापल्या मोजलेले माप खरे नसते, निवल्यावर पुन्हा मोजावे लागते. हत्यार धारदार हवे, पकड फार घट्ट नको, नाहीतर गोल भोक पकड सोडताच लंबगोल होते.

प्लास्टिक जिथे पुरे पडत नाही तिथे धातू आहेच. हलका आणि ताठ भाग हवा तर अॅल्युमिनियम 6061, भराभर आणि सुबक कापायचे तर पितळ, ताकद हवी तर ईएन 8 पोलाद. स्टेनलेसमध्येही 304 आणि 316 असा भेद आहे, दोन्ही सारखेच चकाकतात. 316 मध्ये थोडे मॉलिब्डेनम असते, त्यामुळे मिठासमोर ते जास्त टिकते. फरसाण, लोणची यांच्या कारखान्यात हा फरक दिसून येतो. अशा ठिकाणी प्लास्टिकचे भाग पुष्कळदा मुद्दाम निळे ठेवतात, कारण निळ्या रंगाचा खाद्यपदार्थ सहसा नसतोच, तुकडा पडला तर लगेच नजरेत भरतो.

आणि एक प्रश्न बाजाराचा आहे. नायलॉन, अॅसिटल, यूएचएम, टेफ्लॉन, चारही पांढरे. ओळखत नसलेल्या गिऱ्हाइकाला एकाच्या जागी दुसरे देणे सोपे आहे. मुलाने यावर एक सोपा उपाय शिकून घेतला, वजन. शंभर घन सेंटिमीटरचे तुकडे घेतले तर यूएचएम साधारण 93 ग्रॅम भरते, नायलॉन 114, अॅसिटल 141 आणि टेफ्लॉन जवळजवळ 220. पाण्याच्या बादलीत टाकले तर पहिले तरंगते, बाकीचे बुडतात, टेफ्लॉन तर दगडासारखे तळाला जाते. काही जण जाळून वास घेतात, पण ते करू नये. अॅसिटल जळताना डोळे-नाक झोंबवणारा विषारी वायू सुटतो. टेफ्लॉनची धूळ लागलेल्या हाताने बिडी ओढली तरी ताप भरतो, कारखान्यांतून या तापाची नोंद जुनी आहे.

धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वरून कोरडे दिसणारे धान्य, आत हात घातला तर ओले, आणि विक्रेत्याला झालेला तो सवाल की ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. पाणी पिणाऱ्या नायलॉनला अॅसिटल म्हणून विकणाऱ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. न विचारता, न तपासता ‘पांढरे काहीतरी’ लावून देणारा कारागीरही त्या ढिगापासून फार लांब उभा नसतो. आणि ज्याने विचारायला हवे होते त्याने न विचारता पोराची मजुरी कापली, तर त्याचाही हिशोब कुठेतरी होतच असेल.

आमची वही आता साठेक पानांची झाली आहे. डाव्या पानावर उर्दू, उजव्या पानावर मराठी, आकडे सामाईक. त्याच्या वर्कशॉपमधली मुले ती पाहून जातात, त्यांत वाडीची, कामठीची, वानाडोंगरीची मुले आहेत, मराठी माध्यमाची आहेत तशी उर्दू माध्यमाचीही. त्यांचे हात तयार आहेत. अडते ते चार पानांच्या इंग्रजी कागदापाशी. आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी कानस घासायला लोखंडच हातात येते, प्लास्टिकची ओळख पुढे कामावर, नुकसान सोसूनच होते. ज्ञान उस्तादाच्या डोक्यात असते, उस्ताद गेला की तेही जाते. अब्बांसोबत पिकर मुरवायचे तेल, त्याचे दिवस, त्याची परीक्षा, सगळे गेले. आम्ही कुणी लिहून ठेवले नाही, कारण ते लिहिण्यासारखे आहे असे तेव्हा कुणालाच वाटले नव्हते.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणी लेथवर, सीएनसीवर काम करत असेल तर त्याला एकदा विचारून पाहा की तो मटेरियल कसे ओळखतो. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, ‘थकान’सारखे शब्द तिथेच सापडतात. आणि वर्कशॉप चालवणाऱ्या भावांना एक विनंती. ड्रॉइंगवर ‘पांढरे प्लास्टिक’ लिहून आले तर ते परत पाठवा. मटेरियलचे पूर्ण नाव मागून घ्या, नग कुठे बसणार आहे ते विचारा. दोन मिनिटांचा फोन आहे. तो केला नाही तर त्याची किंमत बहुतेक वेळा ज्याने रॉड कापला तोच मोजतो.